साडेपाच लाखांत जुनी अल्टिस की नवी कोरी अल्टो? पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांसाठी पायरी-पायरीनं

साडेपाच लाखांच्या आसपास पैसे जमलेत, घरातली पहिली गाडी घ्यायचीय, शोरूममध्ये नवी अल्टो के१० बघून झालीय आणि तेवढ्यात कुणीतरी सांगतं की अरे एवढ्यात तर २०१४-१५ ची टोयोटाची कोरोला अल्टिस येते, फर्स्ट ओनर, कंपनी सर्व्हिस. झालं, मग घरात दोन पार्ट्या पडतात आणि निर्णय काही होत नाही. हा पेच खूप जणांना पडतो म्हणून सगळं एका जागी लिहितोय. मी उदाहरणाला या दोनच गाड्या घेतल्यात, पण अल्टिसच्या जागी सिटी, सियाझ, ऑक्टाव्हिया, एलान्ट्रा काहीही धरा आणि अल्टोच्या जागी एस-प्रेसो किंवा क्विड, पद्धत तीच राहते.

माझं म्हणणं आधीच सांगतो. दोन्ही गाड्या चांगल्या आहेत, पण "त्याच पैशात मोठी गाडी" हे वाक्य खरं नाहीये. विकत घ्यायची किंमत सारखी असते, वापरायची किंमत सारखी नसते. किती फरक पडतो ते खाली आकड्यात मांडलंय. तो फरक दर महिन्याला खिशातून द्यायची तुमची तयारी आणि इच्छा आहे का, एवढाच खरा प्रश्न आहे. असेल तर मोठी सेडान आनंदाने घ्या, त्यात काही वेडेपणा नाही.

पायरी १ : स्वतःचं रनिंग काढा

गाड्या बघायला जायच्या आधी एक महिनाभर लिहून ठेवा की गाडी असती तर आपण ती कुठे कुठे नेली असती. ऑफिस, क्लास, भाजी, दवाखाना, महिन्यातून एकदा गाव, गणपतीला कोकण, दिवाळीत सासर. बहुतेक नवीन लोक अंदाजे "वर्षाला पंधरा हजार तरी होईल" म्हणतात, पण ऑफिसला मेट्रो किंवा बाइकने जाणाऱ्या माणसाची गाडी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच्या पुढे जात नाही. उलट चाकणला किंवा तळोज्याला रोज गाडीने जाणारा माणूस सहज पंधरा-अठरा हजार पार करतो. हा एक आकडा हातात नसेल तर पुढच्या कुठल्याच हिशोबाला अर्थ नाही.

पायरी २ : टेप घेऊन पार्किंग मोजा

ही पायरी सगळे सोडतात. अल्टिसची लांबी ४६२० मिमी आणि रुंदी १७७५ मिमी, अल्टो के१० ची लांबी ३५३० आणि रुंदी १४९०. म्हणजे लांबीत साडेतीन फुटांचा फरक आणि रुंदीत जवळजवळ एक फुटाचा. कागदावर हे काही वाटत नाही, पण जुन्या सोसायटीत दोन खांबांच्या मध्ये गाडी लावून दार उघडून बाहेर पडायचं असतं तेव्हा तो एक फूट म्हणजे सगळं काही असतं. पुण्यातल्या पेठा, ठाण्या-डोंबिवलीतल्या जुन्या बिल्डिंगा, गिरगाव-दादरच्या गल्ल्या, इथे राहत असाल आणि गाडी रस्त्यावर लागणार असेल तर मोठ्या गाडीचे बंपर आणि आरसे वर्षभरात ओरबाडले जाणार हे गृहीत धरा. बिल्डिंगमध्ये लिफ्टवालं मेकॅनिकल पार्किंग असेल तर त्या पॅलेटची लांबी, रुंदी, उंची आणि वजनाची मर्यादा कमिटीकडून लेखी मागा, काही जुन्या सिस्टिममध्ये मोठी सेडान बसतच नाही आणि ते गाडी घरी आणल्यावर कळतं.

पार्किंगची जागा लहान आहे आणि घरात दोन-तीन जण नव्याने गाडी शिकणार आहेत, असं असेल तर माझ्या मते इथेच निर्णय झाला, छोटी घ्या. पुढचं वाचा, पण मन वळवून घेऊ नका.

पायरी ३ : माणसं बसवून बघा, वजनाचाही विचार करा

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आई-बाबा, बायको किंवा नवरा, मुलं, जे रोज बसणार ते सगळे घेऊन जा. सेडानमध्ये मागची सीट ऐसपैस असते, पाय लांब करता येतात, पण बसायची जागा खाली असते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठणं जड जातं. अल्टोत मागे दोन मोठे आणि एक मूल ठीक बसतात, तीन मोठी माणसं खांद्याला खांदा लावून बसतात आणि शहरातल्या शहरात चालतं, पण पुण्याहून रत्नागिरीपर्यंत नाही. डिकी अल्टोची २१४ लिटर, अल्टिसची ४७० लिटर. सीएनजी अल्टो घेतली तर डिकीतली बरीचशी जागा सिलेंडर खातो, मग मुलाची प्रॅम आणि बॅगा कुठे ठेवणार ते आधी ठरवा.

आता ताकदीचं. अल्टोचं ९९८ सीसीचं इंजिन साधारण ६७ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच धरा) देतं, अल्टिसचं १.८ लिटरचं पेट्रोल १४० पीएस. पण अल्टोचं वजन सातशे किलोच्या आतच आहे आणि अल्टिसचं साधारण सव्वाबाराशे, त्यामुळे एकटा माणूस चालवत असेल तर अल्टो अजिबात मरगळलेली वाटत नाही, सिग्नलवरून टुणकन निघते. गंमत पाच माणसं बसल्यावर होते. पाच जण आणि थोडं सामान म्हणजे साडेतीनशे किलो धरा, ते अल्टोच्या वजनात थेट निम्म्याने भर घालतं, अल्टिसच्या वजनात पाव हिश्शाच्या थोडं वर. हिशोब केला तर टनामागे ताकद अल्टोची ९८ वरून ६५ पीएसवर येते, अल्टिसची ११४ वरून ८९ वर. म्हणजे भरलेली अल्टिस ही रिकाम्या अल्टोपेक्षा फार मागे नाही, आणि भरलेली अल्टो ताम्हिणी किंवा आंबोलीच्या चढाला एसी लावून दुसऱ्या गिअरमध्ये रडते. ट्रकला ओव्हरटेक करताना हे जाणवतं आणि तिथे ते फक्त सोयीचं राहत नाही, सुरक्षिततेचं होतं. म्हणून टेस्ट ड्राइव्ह मागताना सेल्समनला सांगा की पाच जण बसणार, एसी चालू ठेवणार आणि चढावर नेणार. पुण्यात असाल तर कात्रज घाट जवळच आहे. नाही म्हणाला तर दुसऱ्या डीलरकडे जा.

पायरी ४ : पाच वर्षांचा हिशोब, वहीत

इथे घाई करू नका, अख्खी पायरी स्वतःच्या आकड्यांनी पुन्हा करा. मी धरलेले आकडे असे : दोन्ही गाड्या घरी येईपर्यंत साडेपाच लाख, पेट्रोल १०४ रुपये लिटर, शहरात खरं अ‍ॅव्हरेज अल्टिसला १० आणि अल्टोला १८. कंपनी अल्टो मॅन्युअलचं २४.३९ सांगते, पण ते लॅबमधलं आहे, एसी लावून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते मिळत नाही म्हणून मी १८ च धरतो.

पेट्रोल : वर्षाला ६००० किमी चालवली तर अल्टिस ६०० लिटर पिते, ६२,४०० रुपये. अल्टो ३३३ लिटर, साधारण ३४,७०० रुपये. फरक वर्षाला २७,७०० म्हणजे पाच वर्षांत १ लाख ३९ हजार. रनिंग १२,००० असेल तर हाच फरक दुप्पट, पावणेतीन लाखांच्या वर.

विमा : थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं आणि ते इंजिनच्या सीसीवर असतात. १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३,४१६ आणि १५०० च्या वर थेट ७,८९७. हे जून २०२२ पासूनचे दर आहेत. अल्टो ९९८ सीसी म्हणून पहिल्या गटात बसते आणि अल्टिस १७९८ सीसी म्हणून तिसऱ्यात. टॅक्स धरून पाच वर्षांत हा फरक पस्तीस हजारांच्या जवळ जातो. नव्या गाडीला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते, ६,५२१ रुपये, ती ऑन-रोड किमतीतच धरलेली असते. जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टची झीज वजा न करता भरपाई देणारा विमा, सहसा मिळत नाही, म्हणजे बंपर किंवा हेडलाइट गेला तर त्यातला मोठा हिस्सा तुमच्या खिशातून जातो, आणि अल्टिसचा हेडलाइट स्वस्त नसतो.

सर्व्हिस आणि दुरुस्ती : अल्टोला वर्षाला आठ-दहा हजार पुरतात, शिवाय मारुती आता ३ वर्षं किंवा १ लाख किमीची वॉरंटी देते. दहा-अकरा वर्षांच्या सेडानला मी वर्षाला पस्तीस हजार बाजूला ठेवतो, कारण एका वर्षी फक्त ऑइल-फिल्टर होतं आणि दुसऱ्या वर्षी शॉकअप, बुश, एसीचा कंप्रेसर, बॅटरी आणि चार टायर सगळं एकदम येतं. अल्टोला १४५/८० आर १३ टायर लागतात, अल्टिसला मॉडेलप्रमाणे १९५/६५ आर १५ किंवा २०५/५५ आर १६, एका सेटला दुपटीच्या वर पैसे जातात. पाच वर्षांत सव्वा ते दीड लाखाचा फरक धरा.

रिसेल : पाच वर्षं वापरलेली अल्टो तीनेक लाखांना कुणीही घेतं. पंधरा-सोळा वर्षांची झालेली अल्टिस दोन लाखांना गेली तर नशीब, कारण तोपर्यंत आरसीची पंधरा वर्षं संपलेली असतात. इथे आणखी एक लाख.

बेरीज करा. ६००० किमी रनिंगला पाच वर्षांत साधारण चार लाखांचा फरक, म्हणजे महिन्याला सात हजारांच्या आसपास. १२,००० ला साडेपाच लाख, महिन्याला नऊ हजारांच्या वर. हा झाला मोठ्या गाडीचा खरा हप्ता, कुठल्याही बँकेच्या कागदावर तो लिहिलेला नसतो.

आता हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. महिन्याला सात हजारांत पाच जणांचं कुटुंब आरामात, सामानासकट, न दमता लांब जातंय, आणि तुमच्या घरी दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी तसा प्रवास होतो, तर हा खर्च वाया गेलेला नाही. पण रोज एकट्याने हिंजवडीला जायला ती गाडी लागणार असेल तर तुम्ही चार रिकाम्या सीट आणि अर्धा टन लोखंड रोज पेट्रोल जाळून फिरवताय, त्यात मला काही अर्थ दिसत नाही.

अजून एक, कर्जावर घेणार असाल तर वापरलेल्या गाडीला व्याज जास्त लागतं आणि दहा वर्षांच्या पुढच्या गाडीला अनेक बँका कर्जच देत नाहीत. सेडान घ्यायची तर रोख, आणि सगळे पैसे गाडीत घालून नाही. साडेपाच लाख आहेत तर साडेचारपर्यंतची गाडी शोधा आणि एक लाख पहिल्या वर्षाच्या कामासाठी बँकेत ठेवा. हे न पाळणाऱ्यांच्या गाड्या सहा महिन्यांत पुन्हा विकायला येतात.

पायरी ५ : सेडान कुठली ते ठरवा

सगळ्या जुन्या सेडान सारख्या नाहीत. पहिली कसोटी, कंपनी अजून भारतात आहे का. जनरल मोटर्सने २०१७ च्या शेवटी इथली विक्री बंद केली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायची घोषणा केली, त्यामुळे जनरल मोटर्सची शेवरोले क्रूझ कितीही मस्त पळत असली आणि कितीही स्वस्त मिळत असली तरी पहिल्या गाडीला मी ती सुचवणार नाही, एकेका पार्टसाठी फोन करत बसावं लागतं. दुसरी कसोटी गिअरबॉक्स. ऑक्टाव्हिया, लॉरा, जेट्टा या गाड्या चालवायला फार सुंदर आहेत, पण त्यातला डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला की खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो, नवख्याने मॅन्युअलच बघावी. तिसरी, टायमिंग चेन आहे की बेल्ट. अल्टिसच्या १.८ पेट्रोलला आणि सिटीच्या १.५ आय-व्हीटेकला चेन आहे, ठराविक किलोमीटरला बदलायचा बेल्ट नाही, हा मोठा दिलासा.

डिझेलच्या मोहात पडू नका. रनिंग कमी असेल तर डिझेलच्या अ‍ॅव्हरेजने वाचलेले पैसे इंजेक्टर आणि टर्बोच्या एका कामात जातात. (दिल्लीतला दहा वर्षांच्या पुढच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा नियम महाराष्ट्रात लागू नाही, पण त्यामुळेच तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्या घ्यायच्या तर एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन एमएच नंबर हे सगळं करावं लागतं आणि स्वस्ताई तिथेच संपते.)

मोठीच पण डोक्याला कमी ताप अशी हवी असेल तर चौथ्या पिढीची सिटी किंवा सियाझ बघा. सिटीची डिकी ५१० लिटर आहे, अल्टिसपेक्षाही मोठी, आणि पार्ट सगळीकडे मिळतात. दोन्हींची पेट्रोल इंजिनं १५०० सीसीच्या आत असल्यामुळे विम्याचाही गट खालचा लागतो.

आणि ई२० पेट्रोल. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या त्याला चालतील अशा बनवल्यात, २०१४-१५ च्या गाड्या नाहीत. गाडी बंद पडेल असं नाही, पण अ‍ॅव्हरेज थोडं कमी होतं आणि जुने रबरी पाइप, सील, गॅस्केट लवकर खराब होऊ शकतात. जुनी पेट्रोल सेडान घेतली की पहिल्या सर्व्हिसला फ्युएल लाइनचे रबरी पाइप तपासायला सांगाच.

पायरी ६ : जुनी गाडी बघायला जाताना

सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे ना बघा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालं पाहिजे, सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय, सतत दाट पांढरा धूर आणि गोडसर वास आला तर कूलंट आत जातंय, दोन्हीपैकी काहीही दिसलं तरी नमस्कार करून निघा. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ येते ती वेगळी.

ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, साईसारखा पांढरट-पिवळा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शंका घ्या. कूलंट हिरवं किंवा गुलाबी स्वच्छ असावं, नुसतं नळाचं पाणी भरलेलं असेल तर मालकाने गाडी कशी सांभाळली ते कळलं.

मग ठोकलेली आहे का. दारांच्या रबरी बीडिंग ओढून खालचे स्पॉट वेल्ड बघा, कंपनीचे वेल्ड एकसारख्या अंतरावर गोल ठिपके असतात. बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टवर पान्याच्या खुणा, एका पॅनलचा रंग थोडा वेगळा, काचांवरची तारीख एकाच काचेवर वेगळी, हे सगळं काहीतरी सांगत असतं. बंपर रंगवलेला चालतो, शहरात प्रत्येकाचा असतो. पण पुढचा चासीचा भाग, पिलर किंवा छत याला काम झालेलं असेल तर भाव कितीही पडो, घेऊ नका.

पुरातली गाडी ओळखणं आपल्याकडे तर शिकायलाच पाहिजे. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, अशा वेळी शेकडो गाड्या पाण्याखाली जातात आणि त्यातल्या काही साफसूफ होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला गाळाचा डाग दिसतो का बघा. सीटखालच्या रेलवर गंज, कार्पेटखाली बारीक माती, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, डॅशबोर्डखाली वायरच्या कनेक्टरवर हिरवट थर, आणि एसी लावल्यावर कुबट वास. यातलं एकही दिसलं तर ती गाडी सोडा, कारण पाण्यात गेलेल्या गाडीची वायरिंग पुढे वर्षानुवर्षं त्रास देते.

मीटरवर विश्वास ठेवू नका. साठ हजार किमी दाखवतेय आणि स्टिअरिंग गुळगुळीत झालंय, ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गेलंय, तर मीटर मागे केलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. मालकाकडून सगळी सर्व्हिस बिलं मागा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबरवरून हिस्ट्री असते. तिथेच चासी नंबर देऊन रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का विचारा, ताकाता कंपनीच्या एअरबॅगमुळे जगभर जे रिकॉल झाले त्यात कोरोलाही होती, आणि बदलून देणं फुकट असतं.

टायरवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे टायर दिसायला चांगले असले तरी बदलायचे, तो खर्च भावातून वजा करा.

शेवटी पैसे देऊन स्वतःचा मेकॅनिक न्या, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) असलेला. विकणाऱ्याने आणलेला नको. हजार-दोन हजार जातील पण याच्याइतका कामाचा खर्च या सगळ्यात दुसरा नाही. खराब रस्त्यावर, स्पीडब्रेकरवर, रिव्हर्सला, एसी फुल ठेवून अर्धा तास चालवा. मालक दहा मिनिटांत परत चला म्हणत असेल तर का म्हणतोय याचा विचार करा.

पायरी ७ : नवी छोटी घेताना

इथे काम सोपं आहे पण डोळे मिटून नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे अल्टो बरीच स्वस्त झाली. याचा एक फायदा सेडान घेणाऱ्यालाही होतो, नव्या गाड्या स्वस्त झाल्या म्हणजे जुन्यांचे भाव पडायलाच हवेत, हे घासाघीस करताना बोलून दाखवा.

महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो. शोरूमने दिलेल्या कोटेशनची ओळ न् ओळ वाचा. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचा कोट आणून दाखवला की तिथलाही भाव कमी होतो. अ‍ॅक्सेसरी किट, टेफ्लॉन कोटिंग, हँडलिंग चार्ज याला सरळ नाही म्हणा. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी, म्हणजे रजिस्ट्रेशनच्याही आधी, यार्डात जाऊन कुठल्या महिन्यात बनलीय ते बघा, वर्ष बदलल्यावर गेल्या वर्षीची गाडी देत असतील तर सूट मागा.

सुरक्षेबद्दल लपवायचं काही नाही. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या आपटून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) टेस्टमध्ये अल्टो के१० ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी दोन स्टार आणि मुलांसाठी शून्य मिळाला होता, तेव्हा तिला दोन एअरबॅग होत्या. मार्च २०२५ पासून सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना आल्या, हे फार चांगलं झालं, पण गाडीचा सांगाडा आणि हलकं वजन तेच आहे. जड गाडीशी टक्कर झाली तर हलक्या गाडीतल्यांना जास्त मार बसतो, हे साधं भौतिकशास्त्र आहे. दुसऱ्या बाजूला, जुन्या सेडानमध्ये एअरबॅग किती आणि कुठल्या ते मॉडेलप्रमाणे बदलतं, ठोकल्यावर उघडलेली एअरबॅग परत बसवली की नुसतं कव्हर लावलं हेही तपासावं लागतं. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटतच नसेल तर बल्ब काढलाय असं समजा. हायवेचं रनिंग जास्त असेल तर माझं झुकतं माप जड गाडीकडे आहे, हे स्पष्ट सांगतो, आणि शहरातल्या ४०-५० च्या वेगाला नव्या अल्टोच्या सहा एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं) आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारं) यांवर मी समाधानी आहे. गाडी कुठलीही असो, मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावायचा आणि लहान मूल मांडीवर नाही, चाइल्ड सीटवर.

पायरी ८ : कागद

टोकन द्यायच्या आधी वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा, पीयूसी, फिटनेसची तारीख आणि बँकेचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन वेगळं तपासा, जुनी चलनं भरून पावती द्यायला मालकालाच लावा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असणार, तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली आहे ना तेही बघा.

ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. "नंतर करू नावावर" असं म्हणणाऱ्याशी व्यवहार नको. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवस मिळतात, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे प्रीमियम वाढणार हे धरून चला.

२०१४ ची गाडी घेत असाल तर आरसी २०२९ ला संपेल. तेव्हा फिटनेस टेस्ट, रिन्यूअलचे ५,००० रुपये आणि वर पर्यावरण कर, मग पुढची पाच वर्षं मिळतात. शक्यतो २०१६-१७ ची शोधा, दोन-तीन वर्षं मोकळी मिळतात आणि विकतानाही त्रास कमी होतो.

गाडी घरी आली की त्याच आठवड्यात, आधीच्या मालकाने "आत्ताच केलंय" म्हटलं तरी, इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट बदला, ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइलही, व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि त्या दिवसाचं मीटर रीडिंग वहीत लिहा. टाकी फुल करा, पुढच्या वेळी परत फुल करून लिटर मोजा. पायरी ४ मध्ये धरलेलं अ‍ॅव्हरेज आणि हे खरं अ‍ॅव्हरेज यात दोन-तीनपेक्षा जास्त फरक आला तर स्पार्क प्लग, टायरमधली हवा आणि चिकटलेला ब्रेक, या क्रमाने तपासायला सांगा.